पडद्यावरचे 99

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या माणसाला सर्वांत आधी ऑक्सिजन द्यायचा, हे कुठल्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असतं. मलाही होतं. परीक्षेत ते लिहिलं होतं, पुढे शिकाऊ डॉक्टरांना शिकवलंही होतं. तरी अशी एक रुग्ण माझ्यासमोर आली, तेव्हा तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क मीच काढायला लावला. ती चूक आणि तिच्यानंतर हातून घडलेल्या आणखी काही चुका मी इथे सांगतो आहे. दर हिवाळ्यात आपल्याकडे बंद बाथरूममध्ये, गॅस गीझरखाली माणसं कोसळतात. त्यांना तपासणारा डॉक्टर माझ्यासारखाच फसू शकतो आणि घरच्यांना तर कशाने काय झालं याचा पत्ताही नसतो. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयात फिजिशियन होतो. थंडीच्या दिवसांत एका सकाळी पस्तिशीतल्या एका शिक्षिकेला तिच्या नवऱ्याने आणलं. आंघोळीला गेलेली बायको बराच वेळ बाहेर येईना, हाकेला ओ देईना, म्हणून दार तोडलं होतं. "डॉक्टर, हिला फिट आली. हातपाय वाकडे झाले, डोळे फिरले. आधी कधीच असं झालं नव्हतं," तो सांगत होता. माझ्याकडे पोचेपर्यंत ती शुद्धीवर आली होती. डोकं दुखतंय, मळमळतंय, एवढंच म्हणत होती. सिस्टरांनी आल्या आल्या मास्क लावला होता. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. पडद्यावर 99 आकडा आला. रक्तदाब ठीक, साखर ठीक. मी म्हणालो, "सॅच्युरेशन उत्तम आहे, ऑक्सिजनची गरज नाही. सिलेंडर पलीकडच्या दमेकऱ्याला लावा." सीटी स्कॅन नॉर्मल आला. फिटच्या गोळ्या लिहून दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं.

ऑक्सिमीटर रक्तातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाशकिरण पाठवतो आणि हिमोग्लोबिन त्यातला किती शोषतं यावरून आकडा काढतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जवळपास ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखाच शोषतं. त्यामुळे साध्या ऑक्सिमीटरला दोन्ही सारखीच दिसतात. रक्तातलं तिसरा हिस्सा हिमोग्लोबिन निकामी झालं असलं, तरी तो 98-99 दाखवू शकतो. धमनीतल्या रक्ताची नेहमीची तपासणीही फसवते. तिच्यातला ऑक्सिजनचा दाब रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो आणि तो नॉर्मलच येतो. खरं प्रमाण कळायला को-ऑक्सिमीटर लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता.

पण यंत्र नव्हतं हे कारण मी पुढे करणार नाही, कारण हे निदान करायला यंत्राच्या आधी प्रश्न लागतात. मी नवऱ्याला घराण्यात कुणाला फिट येतात का विचारलं, जागरण, उपास, गोळ्या, सगळं विचारलं. पाणी कशावर तापवता, बाथरूमला खिडकी आहे का, ती उघडी होती का, हे विचारलं नाही. पहिल्यांदाच आलेली फिट, तीही बंद बाथरूममध्ये, हिवाळ्यात आणि सोबत डोकेदुखी. एवढ्या खुणा समोर असताना मी फक्त मेंदूकडे पाहत राहिलो. पुस्तकात या विषबाधेची खूण म्हणून गुलाबी-लाल त्वचा दिलेली असते. तिची त्वचा तशी नव्हती, म्हणून शंकाही आली नाही. जिवंत रुग्णात तो रंग क्वचितच दिसतो, हे मला नंतर समजलं.

काही आठवड्यांनी नवरा तिला पुन्हा घेऊन आला. "ही आता पहिल्यासारखी राहिली नाही," तो म्हणाला. मधले दिवस ती बरी होती, शाळेतही जायला लागली होती. मग हजेरी घेताना तिचा गोंधळ व्हायला लागला. कणीक भिजवायला घेतली की परातीसमोर तशीच उभी राहायची. आता ती लहान लहान पावलं टाकत चालत होती, चेहऱ्यावर भाव नव्हता आणि लघवीवरचा ताबा गेला होता. शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टने एमआरआय केला. मेंदूच्या खोल भागातल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या केंद्राला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. त्यांनी मला फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांच्याकडे गॅस गीझर आहे का?"

मी त्यांच्या घरी गेलो. बाथरूम एका माणसाला जेमतेम हात फिरवता येईल एवढं. गीझर भिंतीवर, धूर बाहेर नेणारा पाइप नाही, सिलेंडर दाराच्या मागे. खिडकीच्या काचपट्ट्यांवर थंडीसाठी आतून प्लास्टिक ताणून बसवलेलं. एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेल्या भोकात चिमण्या घरटं करतात म्हणून जुनं कापड कोंबलेलं. गीझरच्या माथ्यावर काजळी धरली होती. मी गीझर चालू करायला सांगितला, तर ज्योत निळीऐवजी पिवळट. जळायला पुरेशी हवा मिळाली की गॅसचा कार्बन डायऑक्साइड होतो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड. एवढ्याशा बंद जागेत हवा बघता बघता अपुरी पडते. घरचे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण गॅसचा वास तर आला नव्हता." सिलेंडरमधल्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. तो जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

तिच्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आंघोळ झाली की माझं डोकं ठणकतं म्हणून मी तुमच्याकडेच येते की." खरं होतं. त्यांना मी पित्ताच्या गोळ्या देत होतो. एकाच घरातल्या दोघी माझ्याच रुग्ण होत्या आणि दोघींचा धागा मला जोडता आला नाही. त्यात भर म्हणजे सुनेला मी घरी सोडलं तेव्हा ती परत त्याच बाथरूममध्ये, त्याच गीझरखाली आंघोळीला जात होती.

या विषबाधेत पहिला आघात सरल्यावर माणूस काही दिवस, कधी काही आठवडे बरा दिसतो आणि मग मेंदूची लक्षणं सुरू होतात. विसरभोळेपणा, स्वभाव पालटणं, मंद हालचाली. साधारण 2 ते 40 दिवसांत हे घडू शकतं. मी डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती, कारण मूळ निदानच झालं नव्हतं. निदान झालं असतं, तर तिला तासन्‌तास शंभर टक्के ऑक्सिजन मिळाला असता आणि तिला हायपरबेरिक चेंबरमध्ये, म्हणजे वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षात, पाठवायचं का, हा विचार वेळेत झाला असता.

त्यानंतर मी या चेंबरबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला 4-5 तास लागतात. घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात ते निम्मं होतं. चेंबरमध्ये वातावरणाच्या अडीच ते तीन पट दाबाखाली ऑक्सिजन दिला तर साधारण वीस-पंचवीस मिनिटांत. दुसरा फायदा विरघळलेल्या ऑक्सिजनचा. साध्या हवेत 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की तो 6 मिलिलिटरच्या आसपास जातो. विश्रांतीत शरीर साधारण तेवढाच वापरतं, म्हणजे हिमोग्लोबिन अडकून पडलेलं असतानाही पेशींची गरज भागू शकते. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1895 मध्ये हेच उंदरांवर दाखवलं होतं. दोन वातावरणांच्या दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही जगले. माणसांवर उपचार म्हणून ग्लासगोच्या डॉक्टरांनी 1960 मध्ये ते वापरलं.

एवढंच असतं तर वाद उरला नसता. पण हा वायू केवळ हिमोग्लोबिन अडवून थांबत नाही. तो पेशींच्या आतल्या श्वसनयंत्रणेला चिकटतो आणि मेंदूत दाहाची साखळी सुरू करतो. रक्तातलं प्रमाण उतरलं तरी ती चालू राहते. उशिरा येणारी लक्षणं बहुधा तिच्यातूनच येतात. दाबाखालचा ऑक्सिजन ही साखळी रोखतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. माणसांवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास लिंडेल वीव्हर यांनी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 152 रुग्ण होते. निम्म्यांना चोवीस तासांत चेंबरची तीन सत्रं दिली. उरलेल्यांनाही चेंबरमध्येच बसवून नेहमीच्या दाबाचा उपचार दिला, म्हणजे आपल्याला नेमकं काय मिळतंय हे रुग्णाला कळू नये. सहा आठवड्यांनी स्मरण आणि आकलनाच्या तक्रारी पहिल्या गटात 25 टक्क्यांना होत्या, दुसऱ्यात 46 टक्क्यांना.

हा अभ्यास वाचून मी पार पालटलो आणि तिथेच माझी पुढची चूक झाली. पुढच्या थंडीत एका इमारतीच्या वॉचमनना बेशुद्ध आणलं. केबिनचं दार लावून कोळशाची शेगडी पेटवून ते झोपले होते. या वेळी निदानाला क्षणही लागला नाही. मास्क लावला आणि त्यांच्या मुलाला सांगून टाकलं, "चेंबरमध्ये ठेवलं की ठणठणीत होतील. आत्ताच्या आत्ता शहरात न्या." माझ्या आवाजातली खात्री ऐकून मुलाने उसनवारी करून पैसे उभे केले. मी चिठ्ठी लिहिली आणि ॲम्ब्युलन्स रवाना केली.

मी काय काय केलं नाही, ते सांगतो. ज्या केंद्रात पाठवत होतो तिथे फोन केला नाही. गाडीत ऑक्सिजन किती आहे, ते पाहिलं नाही. लहान, बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. पिशवीच्या मास्कला मिनिटाला 15 लिटर लागतात. म्हणजे भरलेला सिलेंडर 100 मिनिटं पुरतो. शहर त्याहून लांब होतं आणि सिलेंडर भरलेलाही नव्हता. घाटातच काटा लाल पट्ट्यात गेला. ड्रायव्हरने शहाणपणाने वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात गाडी वळवून दुसरा सिलेंडर मागून घेतला, म्हणून निभावलं. ज्या उपचाराबद्दल कुणाचंच दुमत नाही, तो साधा ऑक्सिजन मी वादातल्या उपचाराच्या घाईत रस्त्यावर संपवला असता.

शहरात पोचल्यावर कळलं की तिथला चेंबर एकाच माणसाचा आहे. बंद नळीत रुग्ण एकटा असतो, बाहेरचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथे दिवसा मुख्यतः मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांवर उपचार चालायचे, रात्री तंत्रज्ञ नसायचा. वॉचमन अर्धवट शुद्धीत, हात झटकत होते. त्यांना त्या नळीत एकटं ठेवणं कुणालाच सुरक्षित वाटलं नाही. त्यांना आयसीयूत घेतलं आणि शंभर टक्के ऑक्सिजन चालू ठेवला. सकाळपर्यंत ते नीट बोलायला लागले. तिथल्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, "आधी विचारलं असतंत तर तुमच्याकडेच ऑक्सिजन देत राहा म्हणालो असतो, नाहीतर मोठा चेंबर कुठे मिळतो ते शोधलं असतं."

मुलगा मात्र माझ्यावर चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "तुम्ही म्हणालात चेंबरशिवाय इलाज नाही. मग बाबांना तो का मिळाला नाही? उद्या त्यांना काही झालं तर?" त्याला काय उत्तर देणार होतो? मी त्याला अर्धंच सत्य सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालेला, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला 191 रुग्णांचा अभ्यास मी वाचला होता, पण बाजूला सारला होता. त्यात चेंबरचा फायदा दिसला नाही. त्या अभ्यासातही उणिवा आहेत, बरेच रुग्ण पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. पण सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन समीक्षेने 2011 मध्ये म्हटलं की चेंबरमुळे मेंदूवरचे परिणाम टळतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2017 च्या मार्गदर्शनात दोन्ही पर्याय खुले ठेवले, चेंबर किंवा साध्या दाबाचा भरपूर ऑक्सिजन. मला पटणारा अभ्यास तेवढा मी नातेवाइकांच्या पुढ्यात ठेवला आणि न पटणारा लपवला. यंत्रावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवणारा मी, आता एका अभ्यासातल्या आकड्यावर तसाच विश्वास ठेवत होतो.

नंतर मी अनेक रुग्णांना एकदम बसवता येणारा चेंबर मुद्दाम पाहून आलो. आत जाण्याआधी रुग्णाला सुती कपडे देतात. मोबाइल, घड्याळ, लायटर, केसांचं तेल, सगळं बाहेर ठेवायला लावतात, कारण ऑक्सिजन वाढलेल्या जागेत ठिणगी पडली तर भडका उडतो. दाब चढायला लागला की घाट उतरताना बसतात तसे कान बसतात आणि आवंढा गिळायला सांगतात. सोबत परिचारिका आत असते. ठरावीक वेळाने काही मिनिटं मास्क काढून साधी हवा देतात, कारण दाबाखालच्या ऑक्सिजननेच क्वचित फिट येऊ शकते. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर आधी ती काढावी लागते, नाहीतर दाब उतरताना जिवावर बेततं. ही साधीसुधी खोली नाही. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांच्या आजारांसाठी ही विद्या कित्येक वर्षांपासून जोपासली गेली आहे. ते पाहिल्यावर 'चेंबरमध्ये घाला' असं नुसतं चिठ्ठीवर लिहिण्यातला माझा उथळपणा मला कळला.

आता मी काय करतो? बंद जागेत कोसळलेला माणूस आला की आकडा कितीही चांगला असो, आधी पिशवीचा मास्क 15 लिटरवर लावतो आणि मग प्रश्न विचारतो. घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का, हे विचारतो आणि त्यांनाही बोलावून घेतो. रक्त घेतल्याची वेळ लिहून ठेवतो, कारण ऑक्सिजन सुरू झाल्यावर प्रमाण उतरतं आणि कमी आकडा पाहून पुढचा डॉक्टर फसतो. ईसीजी काढतो, कारण हृदयालाही इजा होते. स्त्री गरोदर आहे का, हे न चुकता पाहतो. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे आई बरी दिसली तरी बाळाला ऑक्सिजनची गरज जास्त वेळ असते. क्षणभर का होईना शुद्ध हरपलेली, फिट आलेली, गोंधळलेली, छातीत दुखणारी, गरोदर किंवा रक्तातलं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर असलेली व्यक्ती असेल तर लगेच चेंबरच्या केंद्राला फोन लावतो. सहा तासांच्या आत उपचार सुरू व्हावा असा बहुतेक तज्ज्ञांचा आग्रह असतो, म्हणून हा फोन उद्यावर टाकता येत नाही. नातेवाइकांना दोन्ही बाजू सांगतो. चेंबरने धोका कमी होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. प्रवासात ऑक्सिजन तुटणार असेल तर मी पाठवत नाही. घरी सोडताना कार्डावर लिहून देतो की पुढचे सहा आठवडे वागण्यात, चालण्यात, स्मरणात फरक दिसला तर ताबडतोब या. गीझर दुरुस्त होईपर्यंत त्या बाथरूममध्ये आंघोळ करायची नाही, हेही लिहितो.

त्या शिक्षिकेला मी माझी चूक स्वतः सांगितली, तिचा नवरा समोर बसलेला असताना. त्याने विचारलं, "त्या दिवशी ऑक्सिजन चालू ठेवला असता, चेंबरमध्ये नेलं असतं, तर हे टळलं असतं का?" मी म्हणालो, "खात्रीने सांगता येत नाही. पण टळण्याची संधी तिची होती आणि ती माझ्यामुळे हुकली." वर्षभरात ती बरीच सावरली. चाल सुधारली, आता शाळेत वाचनालयाचं काम पाहते. पूर्ण वर्ग सांभाळणं तिला अजून झेपत नाही.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. तो आत असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप आणि हवा आत येणारी जागा असल्याशिवाय वापरू नका. बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. कुणी कोसळलंच तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा आणि 108 ला फोन करा. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. "आमचा गीझर गॅसचा आहे आणि बाथरूम बंद होतं," हे तुम्हीच आधी सांगा. बोटावरचा आकडा 99 असला तरी सांगा.